बाळंतविड्यावर टाच वळवायला शिकू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपूर्वी व्हिडिओ बघून विणायला शिकलात. मफलर, टोप्या आणि एक मोठी शाल एवढं झालंय. नणंदेच्या मुलीला जानेवारीत न्यू जर्सीला बाळ होणार आहे आणि नणंद डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघेल तेव्हा बाळंतविडा तिच्या बॅगेतून जायचाय. त्यात वेण्यांचा स्वेटर, दोन रंगांच्या नक्षीची टोपी आणि टाच असलेले मोजे द्यायचेत. तिन्हींतलं काहीच अजून येत नाही, पण या निमित्ताने शिकता येईल असं वाटतंय. शेवटी एक ओळ खंतीची: सासूबाईंसाठी विणलेली शाल वर्षभर कपाटातच आहे.

आधी उत्तर, मग कारणं. स्वेटर द्या, टोपी द्या, मोजे देऊ नका. शिका मात्र तिन्ही गोष्टी, फक्त बाळंतविड्यावर नाही.

भेटवस्तूला तारीख असते. शिकायचं म्हणजे उसवायचं. तारीख जवळ आली की उसवायला हात धजत नाही, मग दहा ओळी खालची चूक 'कोणाला दिसणार आहे' म्हणून तशीच पुढे जाते. कोणाला दिसो न दिसो, आपल्याला ती जन्मभर दिसते. माझ्या घरी म्हणून दोन पिशव्या असतात. एक द्यायच्या वस्तूची, तिच्यात हाताला पूर्ण सवयीचं काम. दुसरी शिकायची, तिच्यात उरलीसुरली लोकर आणि कधीच पूर्ण न होणारे तुकडे. पहिलीत फार तर एकच नवी गोष्ट शिरू देते, तीही दुसऱ्या पिशवीत दोनदा जमल्यावर.

आता बाळ. वीण कुठली, रंग कुठला याच्या आधी भाचीला फोन करून विचारा की कपडे वाळवायला ड्रायर वापरते का. तिकडे बहुतेक वापरतात, आणि महिन्याच्या बाळाची आई तुमचा स्वेटर वेगळा काढून कोमट पाण्यात हाताने धुणार नाही, तशी अपेक्षाही करू नये. मी एकदा हौसेने शुद्ध मेंढीच्या लोकरीचा स्वेटर पाठवला होता. पहिल्याच धुण्यात तो बाहुलीच्या मापाचा आणि पुठ्ठ्यासारखा झाला. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकून बसतात, आणि अडकले की सुटत नाहीत. 'सुपरवॉश' असं लेबल असलेल्या लोकरीवर त्या खवल्यांचा बंदोबस्त केलेला असतो, म्हणून ती यंत्रात चालते. तरी ड्रायरबद्दल लेबल काय म्हणतंय ते वाचाच.

आपल्याकडे दुकानात 'लोकर' म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा. त्यात कमीपणा काही नाही. आटत नाही, यंत्रात धुता येते, चांगल्या प्रतीची घेतली तर बोचत नाही. (खरी मराठी लोकर म्हणायची तर दख्खनी मेंढीची, पण ती घोंगडीची जात. बाळाच्या गालाला लावून बघा, बाळच उत्तर देईल.) तुमच्या कामाला बाळांसाठीची मऊ ॲक्रिलिक किंवा सुपरवॉश मेरिनो (मेरिनो मेंढीची मऊ लोकर), दोन्ही चालतील. ॲक्रिलिकला इस्त्री मात्र लावायची नाही. तंतू वितळून वीण एकदा चपटी झाली की परत उठत नाही. आणि सगळे गोळे एकदम, एकाच लॉट नंबरचे घ्या. नंतर आणलेला पांढरा कधीच तोच पांढरा नसतो.

मापात बहुतेक जणी फसतात. 'बाळं पटापट वाढतात, जरा मोठाच विणू' म्हणून सहा महिन्यांच्या मापाचा स्वेटर करतात. जानेवारीतलं बाळ सहा महिन्यांचं होईल जुलैत, आणि न्यू जर्सीच्या जुलैत त्याला झबलंसुद्धा नकोसं होईल. म्हणून एक तर तीन महिन्यांचं माप करा, ते जानेवारी ते मार्च अंगावर राहील, किंवा सरळ एक वर्षाचं करा, पुढच्या हिवाळ्यासाठी. तीन महिन्यांच्या बाळाची छाती साधारण 40 सेंमी, वर्षाच्या बाळाची 45 ते 46. त्यात 5 सेंमी सैलपणा मिळवायचा. मी तुमच्या जागी वर्षाचा विणला असता. पहिल्या महिन्यात घरात स्वेटरांचा ढीग पडतो, दुसऱ्या हिवाळ्याची आठवण कोणी ठेवत नाही.

टोपी मात्र लगेचची करा. जन्मलेल्या बाळाचं डोकं 34-35 सेंमी असतं, तीन महिन्यांत ते 40 पर्यंत जातं. टोपीची वीण ताणते, म्हणून डोक्यापेक्षा 4-5 सेंमी कमी घेर धरायचा. 36 सेंमी घेराची टोपी पहिल्या दिवशी जरा सैल आणि मार्चमध्ये नेमकी बसते. टाके घालताना सुई एक नंबर जाड वापरा. विणकाम ताणतं, पण घट्ट घातलेली पहिली कड ताणत नाही, आणि बाळाच्या कपाळावर त्याचा वळ उठतो.

थोडं कटकटीचं, पण सांगायलाच हवं. टोपीला गोंडा, स्वेटरला गळ्याशी नाडी, सैल शिवलेली गुंडी, यातलं काही नको. आपल्या कुंचीचे बंद दिसायला गोड, पण एकट्या झोपलेल्या बाळाच्या गळ्याशी दोरी नकोच. झोपताना टोपी काढायची असते हेही नणंदेला सांगून ठेवा. हातमोजे आणि बूट यांच्या आतल्या बाजूला सुटा धागा राहिला तर तो बोटाला गुंडाळला जाऊन रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय ते कोणाला कळत नाही. मोजे देऊ नका म्हणाले त्याचं एक कारण हे. दुसरं साधं: बाळाच्या पायात मोजा राहत नाही. टाच कितीही सुंदर वळवा, तो गादीखाली सापडतो.

नमुना कुठून घेताय ते लिहिलेलं नाही, पण परदेशी असेल तर सुयांचा नंबर बघा. आपल्याकडे जुना ब्रिटिश हिशेब चालतो, नंबर वाढला की सुई बारीक. 8 नंबर म्हणजे 4 मिमी, 10 नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत उलटं, तिथली 8 नंबर सुई 5 मिमीची. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी भाचीसाठी एक कार्डिगन केलं. नमुन्यात 5 मिमीवर 10 सेंमीत 18 टाके होते, माझ्या 4 मिमीवर 22 येत होते. छातीला 160 टाके. नमुन्याप्रमाणे 89 सेंमी व्हायला हवं होतं, माझं झालं 73. मागची बाजू पूर्ण विणून होईपर्यंत मला संशयसुद्धा आला नाही. ते शेवटी तिच्या दहा वर्षांच्या धाकट्या बहिणीने घातलं. तेव्हापासून मी नंबर वाचतच नाही, मिलिमीटर वाचते.

आणि चौकोन विणते. त्याला सगळ्या जणी कंटाळतात, मीही कंटाळते. 30 टाके, 40 ओळी, मग जशी वस्तू धुतली जाणार तसाच तो धुऊन वाळवायचा आणि मधल्या 10 सेंमीतले टाके मोजायचे. कडेचे मोजायचे नाहीत, कडा ओढलेल्या असतात. 10 सेंमीत 26 टाके आले आणि सैलपणासकट स्वेटरचा घेर 46 हवा असेल तर 46 गुणिले 2.6, म्हणजे 120 टाके. एवढं गणित आलं की कोणाच्याही नमुन्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

आता शिकण्याचं. व्हिडिओवर शिकलेल्यांची एक अडचण मी नेहमी बघते. हात चालतात, पण टाका वाचता येत नाही. कितवी ओळ, सुलट होती की उलट, हे व्हिडिओ थांबवून आठवावं लागतं. नवं तंत्र हातात घ्यायच्या आधी आठवडाभर फक्त हे करा. विणलेल्याकडे बघा. सुलट टाका गव्हाच्या लोंबीतल्या दोन दाण्यांसारखा दिसतो, दोन पाकळ्या खाली एकत्र आलेल्या. उलट टाका म्हणजे सुईखाली आडवी गाठ, गळ्यात मफलर गुंडाळल्यासारखी. एक सुलट एक उलट अशी बॉर्डर घाला, मध्येच दोन तास सोडून द्या, परत आल्यावर न मोजता फक्त बघून पुढे विणा. मग साबुदाण्याची वीण घ्या. तिच्यात सुलटावर उलट आणि उलटावर सुलट येतो, म्हणजे प्रत्येक टाका वाचावाच लागतो. तिथे चुकेनासं झालं की पुढचं सगळं सोपं.

याच आठवड्यात मुद्दाम एक टाका सुईवरून सोडा आणि चार ओळी खाली पळू द्या. छातीत धस्स होतं ते एकदाच होऊ दे. शिडीसारख्या आडव्या दोऱ्या दिसतील. क्रोशाची सुई सुटलेल्या टाक्यात पुढून घाला, सगळ्यात खालची दोरी पकडा, टाक्यातून ओढा. मग त्यावरची. चार दोऱ्या, चार ओळी, टाका परत सुईवर. हे एकदा जमलं की तुम्ही उसवायला घाबरत नाही, आणि बऱ्याचदा उसवावंच लागत नाही.

तुमच्या तिन्ही गोष्टींत वेणी सगळ्यात सोपी, फक्त दिसायला अवघड. सहा टाक्यांच्या वेणीत तीन टाके तिसऱ्या सुईवर काढून पुढे धरायचे, मागचे तीन आधी सुलट विणायचे, मग धरलेले तीन. पुढे धरले तर पीळ डावीकडे जातो, मागे धरले तर उजवीकडे. हे दर सहाव्या ओळीत, मधल्या ओळी जशा दिसतील तशा. दोन्ही कडांना दोन-दोन उलट टाके ठेवा, त्याशिवाय वेणी उठून दिसत नाही. खास सुई नसेल तर अंबाड्याची यू पिन चालते, मी कित्येक वर्षं तीच वापरली. एकच खबरदारी: वेणी कापड आत ओढते, म्हणून प्रत्येक वेणीमागे दोनेक टाके जास्त धरा आणि चौकोन वेणीसकटच विणा. स्वेटरला पुढे दोन वेण्या, गुंड्यांच्या पट्टीच्या दोन बाजूंना, बाकी साधी वीण. बाळंतविड्यातली तुमची एक नवी गोष्ट ती हीच असू द्या.

दोन रंगांची नक्षी बाळाच्या टोपीला नको. मागे जे धागे मोकळे धावतात त्यांत बोटं अडकतात, आणि नवशिक्यांचे ते धागे हमखास घट्ट येतात. माझी पहिली नक्षीची टोपी बशीवर बसत होती, डोक्यावर नाही. टोपीला दोन रंगच हवे असतील तर सरकवलेल्या टाक्यांची वीण करा. एका ओळीत एकच रंग विणायचा, दुसऱ्या रंगाचा टाका न विणता नुसता सरकवायचा. नक्षी दोन रंगांची दिसते आणि मागचा धागा एका टाक्यापेक्षा लांब धावत नाही.

खरी नक्षी, म्हणजे स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरची फेअर आइल पद्धत, शिकायच्या पिशवीत घ्या. तिथला नियम बघण्यासारखा आहे. कपड्यात रंग कितीही असोत, एका ओळीत दोनच. मागचा धागा चार-पाच टाक्यांहून लांब धावू द्यायचा नाही. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी नीट पसरा, मगच दुसरा धागा उचला. घट्टपणावरचा खरा इलाज हाच. आणखी एक युक्ती: गोल विणताना नळी उलटी धरायची, सुलट बाजू आत आणि मागची बाजू बाहेर. मग मोकळे धागे बाहेरच्या अंगाने धावतात, त्यांना आपोआप जास्त लांबी मिळते. हे मला फार उशिरा कळलं आणि स्वतःचाच राग आला.

टाचेवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण विणकामातली मला सगळ्यात आवडणारी जागा ती. बाळाच्या मापाचा मोजा द्यायला निरुपयोगी, शिकायला मात्र उत्तम. एका संध्याकाळी टाच होते. जाडसर लोकर घ्या, 32 टाके गोल विणा, पोटरीचा भाग झाला की 16 टाके बाजूला ठेवून उरलेल्या 16 वर सपाट 16 ओळी विणा, प्रत्येक ओळीचा पहिला टाका सरकवून. ही टाचेची मागची पट्टी. आता वळण. 9 सुलट, पुढच्या दोनांचा एक (दोन टाके एकत्र विणायचे), 1 सुलट, आणि काम मध्येच फिरवा. चार टाके न विणता डाव्या सुईवर राहतील, राहू द्या. पहिला सरकवा, 3 उलट, दोनांचा एक उलट, 1 उलट, परत फिरवा. या बाजूलाही चार राहतील.

इथे बहुतेक जणी थांबतात, काहीतरी चुकलं म्हणून. चुकलेलं नाही. सुईकडे बघा. जिथून काम फिरवलं तिथे दोन टाक्यांमध्ये फट दिसते. पुढच्या ओळीत पहिला टाका सरकवायचा, त्या फटीच्या आधी एक टाका उरेपर्यंत विणत जायचं, मग फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा मिळून दोनांचा एक, त्यापुढे एक टाका, फिरवा. मोजायची गरजच नाही, फट दिसली की कळतं. सहा ओळींत सगळे टाके संपतात आणि 16 चे 10 उरतात. सपाट पट्टी वाटीसारखी खोलगट झालेली असते. ती पहिल्यांदा होते तेव्हा माणूस घरभर दाखवत फिरतो.

मग पट्टीच्या दोन्ही कडांवरून 8-8 टाके उचलायचे, बाजूला ठेवलेले 16 घ्यायचे, एकूण 42. एक फेरी आड दोन्ही बाजूंना एकेक कमी करत 32 वर यायचं, की पाऊल सुरू. कमी करताना एक लक्षात ठेवा. साधे दोन टाके एकत्र सुलट विणले की ते उजवीकडे झुकतात, कारण डावीकडचा टाका वर येतो. दोन्ही टाके सुलट घालतो तसे एकेक करून सरकवून मग मागून एकत्र विणले तर डावीकडे झुकतात. पायाच्या एका बाजूला एक प्रकार, दुसरीला दुसरा. गळ्याला, टोपीच्या शेंड्याला, मुंड्याला हाच नियम. तुमच्या टोपीचा शेंडा पिळलेला दिसतो असं वाटत असेल तर बहुधा सगळीकडे एकच प्रकार वापरलाय.

मोठ्या माणसाचे मोजे नंतर, बारीक लोकर, अडीच मिमीच्या सुया आणि 60 ते 64 टाक्यांवर. ते स्वतःला करा.

शिवणकामाला पंधरा दिवस राखून ठेवा. चांगल्या विणकामाचं हसं बहुतेक वेळा शिवताना होतं. नोव्हेंबरच्या मध्याला सुया खाली, मग टोकं लपवणं, गुंड्या, धुणं, टॉवेलवर मापात पसरून वाळवणं. गुंडी लोकरीने नाही, शिवायच्या दोऱ्याने लावा आणि ओढून बघा. सोबत एक चिठ्ठी: कशाची लोकर, कसं धुवायचं. एक जास्तीची गुंडी आणि दोन-तीन मीटर लोकर पाकिटात. नणंदेला सांगा की उरलेलं विणकाम तिकडे पूर्ण करायचं झालं तर सुया चेक-इन बॅगेत टाक, विमानतळावर वाद नको.

राहता राहिली सासूबाईंची शाल. मला वाटतं दोष विणकामाचा नाही. ॲक्रिलिकची मोठी शाल साडीच्या खांद्यावर ठरत नाही. पदर एकीकडे, शाल दुसरीकडे, आणि स्वयंपाकघरात तर धोकाच. आपल्याकडच्या बायका थंडीत काय घालतात बघा: पुढून उघडा, बिनबाह्यांचा किंवा पाऊण बाह्यांचा, मुंडा मोकळा, खिसा असलेला स्वेटर. डोक्यावरून घालायचा नको, अंबाडा आणि चष्मा दोन्ही अडतात. खिसा हवाच, रुमाल आणि मोबाइलसाठी.

त्यांनाच विचारा, शाल उसवून तसा स्वेटर केला तर चालेल का. बहुधा सुटल्यासारखं 'हो' म्हणतील. शेवटच्या टोकापासून उसवा, खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड्या करा, चार जागी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पिळू नका, नळाच्या दांडीला टांगून खाली छोटं वजन अडकवा. दुसऱ्या दिवशी कुरळेपणा बराच गेलेला असतो. मोठ्या शालीत तीन-चारशे ग्रॅम तरी लोकर असेल. स्वेटर होऊन उरेल ती तुमच्या शिकायच्या पिशवीत.